पाण्याआधी विचारलेला प्रश्न

अक्रा,
२४ जानेवारी १९९४

ती. पोकुआताईस,
जासीचा सा. न.; आईला आणि अम्पोन्सामामांना वाकून नमस्कार सांग.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हल्ली मी पत्रं फक्त सोमवारी लिहितो, तीही हातातली सगळी कामं उरकल्यावर. हसतेस ना? हस. इथल्या सर्कल चौकात फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला असतात, त्यांत एका अमेरिकन गृहस्थाचं पुस्तक हाती लागलं आणि माझी गाडी रुळावर आली बघ. सगळ्यांत नावडतं काम सकाळी आधी संपवायचं. टेबलावर एका वेळी एकच कागद ठेवायचा. आमच्या विमा कंपनीचे मोठे साहेब परवा चारचौघांत म्हणाले की जरा या जासीकडून शिका. मी मान खाली घालून उभा होतो, पण आतून काय वाटलं म्हणून सांगू!

सगळ्यांत गुणकारी युक्ती आहे ती भेटायला येणाऱ्यांची. आपल्या लोकांची तऱ्हा तुला माहीतच आहे. येणार, टेकणार, घरच्यादारच्यांची चौकशी करणार आणि मुद्द्यावर येईपर्यंत जेवणाची वेळ होणार. म्हणून मी खोलीतली पाहुण्यांची खुर्चीच काढून टाकली. माणूस दारात दिसला की विचारायचं, काय काम काढलंत? अर्ध्या लोकांचं काही कामच नसतं, आल्या पावली परत जातात. महिन्याच्या सुरुवातीला आपले मामाच आले होते, काखेत कोंबडी घेऊन. त्यांनाही तेच विचारलं. कोंबडी खाली ठेवून ते म्हणाले, काही नाही रे, इकडून चाललो होतो. बघ, म्हणजे खरंच काही काम नव्हतं! कोंबडी मी शिपायाला देऊन टाकली. ऑफिसात ती कुठे बांधू?

तुझ्या कापडाच्या दुकानासाठीही एक सल्ला देतो. गिऱ्हाइकांशी गप्पा छाटणं बंद कर, विक्री दुप्पट होईल. पुढच्या खेपेला तुझ्यासाठीही एक प्रत घेतो.

लोभ असू दे, आणि तो थोडक्यात लिहीत जा.
तुझा,
जासी


माम्पोंग,
२९ जानेवारी १९९४

चि. जासीस,
आशीर्वाद लिहायला बसले आहे, पण हात वळत नाही. ते शेवटी बघू.

तुझं पत्र मी दुकानात उघडलं. शेजारच्या बायकांना वाचूनही दाखवत होते, भाऊ साहेबांचा लाडका झाला म्हणून. खुर्चीच्या गोष्टीपर्यंत आले आणि पुढचं मोठ्याने वाचवेना. कागद घडी करून कमरेला खोचला आणि मागच्या अंगाला जाऊन एकटीने वाचला. जासी, मला तुझी लाज वाटली. तुझ्याआधी माझी स्वतःची वाटली, कारण तुला लहानपणी पाण्याचा कटोरा हातात धरायला मीच शिकवलं होतं.

आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं, तो प्यायला की मग विचारायचं की काय काम काढलंत. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पाण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नसतं. आणि वाईट बातमी तर उभ्याने कोणी सांगतच नाही. मामा सत्तरी ओलांडलेले, हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्यातली धूळ खात आले, आणि तू त्यांना दारातच हटकलंस. ते काय सांगणार होते?

आता ऐक. आईच्या पोटात गाठ आहे. नाताळाच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं की लवकर कापून काढायला हवी. ती हटून बसली, जासी आल्याशिवाय मी कुमासीच्या इस्पितळात जायची नाही, त्याचं तोंड बघून मग आत जाईन. असली बातमी कागदावर घालू नये, माणसाने जाऊन सांगावी, म्हणून मामा स्वतः निघाले. कोंबडी आईने पाठवली होती. परत येऊन मामांनी सांगितलं की जासीला सगळं सांगितलं, पोराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण साहेब सुट्टी देईना, मिळाली की लगेच येतो. आई तेव्हापासून दाराकडे डोळे लावून आहे. आणि मी मूर्ख, इतके दिवस तुझ्या त्या साहेबाला शिव्या घालत होते!

रात्री मामांना तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, तुम्ही खोटं का बोललात? ते म्हणाले, त्याची आई आजारी आहे, तिला आणखी एक दुखणं कशाला द्यायचं? एवढंच बोलले आणि झोपायला गेले. ज्यांच्या कोकोच्या बागेवर तू शिकलास ते हे मामा.

पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. नावडतं काम आधी, ही गोष्ट मला पटली. म्हणून तर हे पत्र आजच लिहितेय. पण ज्याने ते लिहिलं त्याच्या दारात मामा कधी आले नसतील.

पत्र मिळताच नीघ. आशीर्वाद तू आल्यावर तोंडी देईन.
पोकुआ


कुमासी,
६ फेब्रुवारी १९९४

ती. ताई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो आहे असं समज.

परवा माम्पोंगच्या घरातून आईला घेऊन निघताना तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. बरं केलंस. बोलली असतीस तर मी तिथेच फतकल मारून रडलो असतो.

इथे इस्पितळात आई बायकांच्या वॉर्डात आहे. भेटीच्या वेळी मी आणि मामा तिच्या खाटेशी बसलो होतो. आजूबाजूच्या बायकांना ती माझी ओळख करून देत होती. म्हणाली, एवढा मोठा साहेब झाला पण मातलेला नाही. याचे मामा अक्राला गेले तर याने आपली स्वतःची खुर्ची त्यांना दिली, शिपायाला न सांगता आपल्या हाताने पाणी आणलं, ते पिऊन होईपर्यंत जवळ उभा राहिला. दुपारी फुफू आणि बोकडाचं सूप खाऊ घातलं आणि संध्याकाळी बसमध्ये बसवून दिलं. ताई, हे सगळं तिला मामांनी सांगितलेलं. मी जे करायला हवं होतं ते एकेक करून त्यांनी माझ्या नावावर लावलं होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी मला म्हणाली, असा मुलगा सगळ्यांना मिळो. मी मामांकडे पाहिलं. ते आईसाठी संत्रं सोलत होते, वर बघतच नव्हते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, ते मला तिथे कळलं.

काल ऑपरेशन झालं. आई वाचली आहे, पण गाठीचा एक भाग आत चिकटून बसलाय, तो निघाला नाही. डॉक्टर बाहेर आले, वयाने माझ्याहून लहान. म्हणाले, तीन आठवडे आधी आणलं असतं तर सगळी निघाली असती. तुम्ही गावाकडचे लोक झाडपाला करत बसता आणि मग आमच्याकडे येता, उशीर कोणी केला? तेवढ्यात मामा टोपी काढून पुढे झाले आणि म्हणाले, "माझ्यामुळे झाला, डॉक्टरसाहेब. मला समजलं नाही." त्या पोराने मामांना लहान मुलाला झापावं तसं झापलं. मी, साहेबांचा लाडका, टाय लावून शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. दाराशी मामांना बोललो नसतो तर बरं झालं असतं, आणि इथे बोललो असतो तर, पण मला दोन्हीकडे उलटंच जमलं.

आता माझ्याने हे सहन होत नाही. आईच्या अंगात जरा ताकद आली की मी तिला सगळं खरं सांगणार आहे. तिने चार थोबाडीत मारल्या तरी चालतील. चूक कबूल केली की मन हलकं होतं, हे पुस्तकात आहे म्हणून नाही, मला स्वतःलाच वाटतंय.

लोभ मागायचं तोंड नाही. उत्तर मात्र लिही.
जासी


माम्पोंग,
९ फेब्रुवारी १९९४

चि. जासीस,
अनेक आशीर्वाद. मागच्या वेळचे राहिलेलेही यातच घे.

पत्र वाचून खूप रडले. दुकान दोन दिवस बंद ठेवलं. आई वाचली, त्याबद्दल देवाचे उपकार. जी गाठ राहिली तिचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील तसं करू, आता कुणाची वाट न बघता.

पण आईला तू काही सांगायचं नाहीस. एक अक्षर नाही. तुझं मन हलकं होईल हे खरं आहे, पण ते ओझं जाईल कुठे? तिच्याच छातीवर ना? तिच्याजवळ किती दिवस उरलेत ते कोणाला माहीत. त्या दिवसांत तिच्याकडे एक चांगला मुलगा आहे, तिच्या भावाने घडवून आणून दिलेला. तो तू तिच्याकडून काढून घेणार, कशासाठी, तर तुला झोप लागावी म्हणून?

तू हलका होऊ नकोस, जासी. मामांनी इतके दिवस एकट्याने वाहिलं, आता तू वाहा. वॉर्डातल्या बायकांना ती पुन्हा तीच गोष्ट सांगेल, रोज सांगेल. मध्येच तुझ्याकडे वळून विचारेल, मामांना पाणी आपल्या हाताने दिलंस ना रे? तेव्हा तिच्या डोळ्यांत बघ आणि हो म्हण.

तुझ्यावरचा माझा लोभ कमी झालेला नाही, आणि तेच मला जड जातंय.
तुझी ताई,
पोकुआ