हळदीचं बोट

३ फेब्रु., सोम.
काम देणारी मंजुबेन आज स्वतः आमच्या नवागामात आली. एरवी साड्यांना खडे लावायचा माल आम्हीच तिच्या घरून आणतो. एकच साडी. पांढरी, जाळीची. "हिरोइन पहेरवानी छे, तीच घालणार. मुंबईला, फिल्मच्या अवॉर्डला. डाग पडला ना बेन, तर तुझंच नाही, आख्ख्या गल्लीचं काम बंद."
मलाच का? म्हणे तुझे खडे सरळ बसतात. सरळ बसतात म्हणून धमकी बी मलाच.
सासू खाटेवरून ऐकत होती. मंजुबेन गेल्यावर म्हणे, "काम गयं ते तू कांडी भराले जा. पोरले मी गावले लई जासू."
उधन्याला मागाच्या खात्यात दिवसभर सुताची कांडी भरायची, आणि पिहू गावाला. अजून अंगावर पिते ती.

५ फेब्रु., बुध.
खडे झाले. मान आखडली. घडी घालायच्या आधी हळदीच्या वाटीत बोट गेलं नि पदराच्या कोपऱ्याला टेकलं. नवं कापड ना. आई लावायची, मी बी लावते, पिहूच्या झबल्याला बी. बोट उचललं तेव्हा कळलं कुणाची साडी.
घाबरून साबण लावला. हळद लाल झाली! रगत सांडल्यासारखं.
हे नाइट करून झोपलेत. उठवून काय सांगू.
मग त्याच्यावर खडे बसवले. फूल केलं. साडीवर दुसरं फूल कुठंच नाही, नुसत्या रेघा. फूल पुरं झालं नि समोरची सुनंदा पीठ मागायला आली. बघितलं. पिठाची वाटी घेऊन गेली. तिचं बघणं मला माहीत आहे.

६ फेब्रु., गुरु.
मंजुबेनने साडी नेली. मधूनच उलगडली, फुलाचा कोपरा घडीतच राहिला. "सारू छे." म्हणजे पसंत.
नळावर सुनंदा, "फूल बी नेलं का गं तिने?"
"कसलं फूल?"
हसली. मेली.

९ फेब्रु., रवि.
अवॉर्ड. सुनंदाचा टीव्ही मोठा, सगळ्या तिच्याकडे. एकमेकांच्या गालाला गाल लावतात, टाळ्या वाजवतात, आपलेच आपल्याला बक्षीस देतात. लाज नाही.
हिरोइन आली. आमची साडी, पदर पायऱ्यांवर लोळतोय. बक्षिसाची बाहुली हातात घेतली नि सुरू. मम्मी, पप्पा, देव, डायरेक्टर, मग घरचा कुत्रा.
सासू म्हणे, "कुत्रानं बी नाव लिधं. खडा लावनारीनं नही."
सगळ्या हसल्या, मी बी. पहिल्यांदाच सासू माझ्या बाजूची वाटली.
मग हिरोइनने पदर उचलून कोपरा दाखवला. टीव्हीभर माझं फूल. "मला हेच आवडलं." साडीवाला साहेब उठून वाकला. म्हणे, खूप विचार करून टाकलंय. हलकट. खाली काय आहे ते सांग की मग.
पिहूला इतकं आवळलं की रडली. सुनंदा टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होती.

१० फेब्रु., सोम.
मंजुबेन खाली रिक्षा उभी करून ओरडली, "फूल कोणी केलं? मुंबईहून फोन आला. करणारीला बोलावलंय." राग का आनंद, तोंडावरून कळेना. "बोला, नाहीतर माल कोणालाच नाही."
मी दारात. पिहू अंगावर. सासू माझ्याकडे बघते. मी पिहूवर पदर ओढला.
"मी केलं, बेन." सुनंदा. केस बी विंचरलेले. सकाळपासून वाटच बघत असणार. माझं बक्षीस न्यायला निघाली, असा राग आला!
रिक्षात बसताना मंजुबेन म्हणाली, "फुलातला एक खडा निघालाय. आता साडीवाले बाकीचे बी काढतायत."
सुनंदा अजून हसतच होती. तिने नुसतं फूल बघितलंय. खालचं लाल मला एकटीलाच माहीत.
रिक्षा गल्लीतच अडकली होती, पुढे भाजीची गाडी. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पिहू पीत होती.
संध्याकाळ झाली. समोर सुनंदाच्या दाराला कुलूप. सासूने दोनदा विचारलं, "तुनंच फूल व्हतं ना ते?"
दोन्ही वेळा मी हळदीची वाटी घासायला घेतली.