घासून बसवायचं नाही

आबा,

त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर तुम्ही मला गप्प बसवलंत, तेव्हा मी बरोबर सांगतेय हे तुम्हाला कळलं होतं का? तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "त्येंच्या मनातलं मला तरी कुठं कळलं?" म्हणून तुम्हालाच विचारते आहे.

मी तेव्हा आठवीत होते. नेकनूरच्या आपल्या दुकानात शाळा सुटल्यावर मी येऊन बसायची. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरायच्या, म्हणजे जुनी काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे तुमचं काम. वार्निशचा वास माझ्या वह्यांनासुद्धा यायचा. त्या दिवशी खुर्चीत मळ्याचे मालक बसले होते. त्यांची मोटार उघडलेली, आणि तुम्ही तिच्यात नवं बेअरिंग बसवताय. मी जुनं बेअरिंग पुसून त्याच्या कडेवरचा नंबर वाचते, मग नव्याचा वाचते. आतलं भोक सारखं, पण नवं बेअरिंग बाहेरून लहान आहे. तुम्ही मोटारीतल्या बेअरिंगच्या घरात, म्हणजे खोबणीत, पत्र्याची पट्टी गुंडाळून, कानशीने पट्टीच्या कडा घासून ते बसवत होतात. मी म्हणाले, "आबा, नंबर येगळा हाय. जुनं त्रेसष्ट झिरो चार हाय, ह्ये बासष्ट हाय." तुम्ही मान वर केली नाही. "गप बस. नंबर वाचून मोटार चालत न्हाई. घासून बसवलं की बसतंय." मालक हसले आणि म्हणाले, "पोरगी लई शाणी हाय बे तुझी." तुम्हीही हसलात. आबा, मला तुमच्या बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त लागलं.

आठ दिवसांनी तीच मोटार जाम होऊन परत आली. तुम्ही ती उघडली, पट्टी काढून फेकून दिली, बीडहून योग्य नंबरचं बेअरिंग मागवलं आणि बसवलं. मी समोरच होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात कुठल्याशा भंगारातून एक व्हर्नियर आणलंत, जाडी मोजायचं ते लोखंडी माप. रॉकेलनं पुसून माझ्या दप्तरावर ठेवलंत आणि म्हणालात, "घे, मोजीत बस." मैत्रिणींना हे सांगितलं की त्या म्हणतात, बघ, त्यांनी चूक कबूल केली. मी म्हणते, भेट म्हणजे कबुली नाही. ज्या खुर्चीसमोर मला गप्प केलंत, त्या खुर्चीसमोर एक वाक्य बोलला असतात तर ती कबुली झाली असती.

रागानं लिहिते आहे असं वाटेल. रागच आहे, पण तो बेअरिंगचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तुमची पिशवी धरायला त्याच मळ्यावर आले होते. विहिरीवर तुम्ही दोन तास काम केलंत. मग चहा आला. मालकाच्या गड्याने गोठ्याच्या खिडकीतला एक कानतुटका कप काढून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चहा प्यालात, हौदावर कप स्वतः विसळलात आणि पुन्हा त्याच खिडकीत पालथा घातलात, जसा रोजचा सराव असावा तसा. घरात बाबासाहेबांचा फोटो, दुकानात बाबासाहेबांचा फोटो, आणि मळ्यावर तुमच्यासाठी खिडकीतला कप. परत येताना मी विचारलं, "कावून पेलात त्यात?" तुम्ही सायकलचं हँडल सरळ करत म्हणालात, "जमवून घ्यावं लागतंय माय. काम आपल्याला करायचंय." आबा, तुमच्या हातातली कानस फक्त लोखंडावर चालत नव्हती. जिथे जागा कमी मिळाली तिथे तुम्ही स्वतःला घासून बसवलंत. मला तुमचा हा गुण घ्यायचा नव्हता.

आता जे झालं ते सांगते. मी कॉम्प्युटरची पदवी घेतली. आपल्या घरातली पहिली. पुण्याला चल म्हणणाऱ्या मैत्रिणी होत्या, पण माझ्या डोक्यात वेगळंच होतं. माझ्याबरोबर बारावी झालेल्या किती पोरी फक्त एसटी वेळेवर नाही म्हणून संगणक शिकायच्या राहिल्या, हे मला माहीत आहे. आपलं दुकान बंद पडलेलं. तिथे चार संगणक मांडायचे, पोरींना शिकवायचं, आणि कुणाला आपल्या कामापुरता संगणक हवा असेल तर त्याला भाग निवडून जुळवून द्यायचा. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दुकान आमच्या थोरल्याला मोबाईलसाठी पायजे." तुमच्यानंतर घरात शब्द काकांचा चालतो. मी हटले नाही तेव्हा म्हणाले, "बरं. आधी एक मशीन स्वतःच्या हातानं जोडून चालू करून दाखव. मग दुकानाचं बोलू." म्हणजे दुकान कुणाचं, हे त्या एका मशीनवर ठरणार होतं.

मी महिनाभर यादी केली. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही कोण जाणे, पण हे काम तुमच्या कामासारखंच आहे. प्रत्येक भाग वेगळ्या घरचा, आणि सगळ्यांनी एका पेटीत नांदायचं. प्रोसेसर कुठल्या सॉकेटचा, त्या सॉकेटचा मदरबोर्ड कुठला, त्यावर कुठल्या पिढीची रॅम चालते, सगळ्यांना पुरेल एवढी वीज पॉवर सप्लाय देतो का. प्रोसेसरवरचा पंखा पेटीच्या झाकणाला लागेल का, हे मी तुमच्या व्हर्नियरनं मोजलं. यादी दोनदा तपासली आणि बीडच्या एका दुकानात जाऊन सगळं सामान घेतलं.

बाजाराच्या दिवशी आपल्याच दुकानात, तुमच्या टेबलावर मांडामांड केली. मुद्दाम बाजाराचा दिवस घेतला, सगळ्यांच्या समोर होऊ दे म्हणून. काका खुर्चीत, त्यांचा थोरला दारात टेकलेला, शेजारचे दोन-तीन दुकानदार आत डोकावत होते. प्रोसेसर बसला. पंखा बसला. मग रॅमची पट्टी हातात घेतली आणि ती बसेना. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि बोर्डावरच्या जागेत तेवढाच उंचवटा. दोन्ही समोरासमोर आले तरच पट्टी आत जाते. माझी खाच इकडे, उंचवटा तिकडे. फरक भाताच्या शितापेक्षाही कमी.

"कावून थांबली?" काका म्हणाले.

"बसत न्हाई."

"बसत न्हाई म्हंजी? जोर लाव की."

"जोर लावला तर मोडंल."

"आगं, दादाची कानस हाय ना त्या फळीवर. खाच वाढव जराशी. दादानं आतापतर चालू करून चहा बी पिला असता."

शेजारचा भांडीवाला म्हणाला, "काका, पदवीत घासायचं शिकवत न्हाईत वाटतं!" सगळे हसले. आणि आबा, मी उठले. फळीवरची कानस खरंच हातात घेतली. तिची मूठ तुमच्या घामानं काळी पडलेली, माझ्या तळव्यात ती बरोबर बसली. पट्टी डाव्या हातात, कानस उजव्या. सगळे बघतायत. एवढी घासली असती तर पट्टी आत गेलीही असती, आणि वीज लागताच बोर्डासकट जळाली असती. कारण खाच उगाच वेगळी ठेवलेली नसते. हे तुझं घर नव्हे, इथे शिरू नको, हे सांगायला ती असते. तरी कानस हातात असताना मला वाटलं, घासावं. लोक हसायचे थांबतील. त्या क्षणी मला तुम्ही थोडे कळलात, आणि म्हणूनच तुमचा जास्त राग आला.

मी कानस ठेवली. बोर्डाच्या खोक्यावरचं नाव पुन्हा वाचलं. नाव तेच, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. त्याच नावाचा जुन्या रॅमचा बोर्ड त्यांनी दिला होता, आणि नंबर वाचण्याचा मोठा तोरा मिरवणारी मी शेवटचं अक्षर वाचलंच नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी हाय. मी नंबर नीट वाचला न्हाई. घासणार न्हाई, बदलून आणते."

काका म्हणाले, "झालं का तुझं शिक्षण?"

"न्हाई," मी म्हणाले. "उद्या ह्याच येळेला या."

बीडच्या दुकानदाराने बोर्ड बघितला आणि मान हलवली. "उघडलेला माल परत न्हाई ताई. रॅम जुनी घ्या ना, काय फरक पडतोय? जमवून घ्या."

जमवून घ्या. आबा, बीडच्या भर दुकानात मला तुमचा आवाज ऐकू आला. मी बिल पुढे केलं. बिलावर शेवटचं अक्षर बरोबर होतं. "तुमच्याच हातानं लिवलंय. जे लिवलंय ते द्या."

"आता माझ्यापाशी न्हाई तो."

"मग मागवा. मी बसते." आणि स्टूल ओढून गल्ल्यासमोर बसले. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं ताई, आणि मी सांगायची, सविस्तर, बिल दाखवून. तिसऱ्या गिऱ्हाइकानंतर त्यांनी फोन लावला आणि दुसऱ्या दुकानातून बोर्ड आणवला. आणि मी शेवटचं अक्षर मोठ्यानं वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रॅम बसली. कट् असा आवाज आला, पट्टीच्या दोन्ही टोकांना क्लिपा आपोआप लागल्या. जोर लावावा लागला नाही. मी बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. एक मिनिट काळी. काका म्हणाले, "लागला का दिवा?" थोरला म्हणाला, "गेलं सगळं." मी वाचलेलं होतं की नवी रॅम पहिल्यांदा स्वतःला तपासून घेते, वेळ लागतो, मध्ये बंद करायचं नाही. पण वाचणं वेगळं आणि सगळ्यांसमोर काळ्या काचेकडे बघत उभं राहणं वेगळं. थोरल्यानं बटणाकडे हात नेला तेव्हा मी तो धरला. "हात लावायचा न्हाई." दुसरं मिनिट संपत आलं आणि स्क्रीनवर पांढरी अक्षरं उमटली. त्यात प्रत्येक भागाचं नाव होतं. भांडीवाल्यानंच पहिल्यांदा टाळी वाजवली.

काका खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले. मग म्हणाले, "चांगलं केलं. तूच चालव दुकान. पण दुकानाच्या बोर्डावर थोरल्याचं नाव टाकू. पोरीचं नाव टाकून काय करायचं? उद्या लगीन झालं की आडनाव बदलतंय, बोर्ड पुन्हा रंगवा." अगदी प्रेमानं म्हणाले. एवढंसं घासायचं, म्हणजे बसतंय.

मी म्हणाले, "नाव माझं. आडनाव टाकणारच न्हाई, म्हंजी रंगवायची भानगड न्हाई."

"आगं, थोडं जमवून घ्यावं माणसानं."

तेव्हा आई दारातून आत आली. ती बाहेर उभी आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं पदराची गाठ सोडली. "किल्ली माझ्यापाशी हाय भावजी," ती म्हणाली. "ह्येंनी मला दिलती. मी हिला देते." आणि टेबलावर किल्ली ठेवली. आबा, तुमच्या समोर ती कधी इतकं बोलली होती का?

पेंटर आला तेव्हा विचारू लागला, "वर बारीक अक्षरात कैलासवासी अमुक यांच्या कृपेने, असं टाकू ना? सगळेच टाकतेत." मी म्हणाले, आमच्यात कैलासवासी म्हणत नाहीत, कालकथित म्हणतात. "बरं, कालकथित टाकतो. पण कृपेनं तर ठेवू ना?" मी नको म्हणाले. तुमच्यावर सूड म्हणून नाही. कृपेवर काही चालत नाही, हे आपल्याच घरात मला शिकवलं गेलं. तुम्हीच शिकवलंत, आणि मळ्यावर जाताना ते घरी ठेवून गेलात. ते मी दुकानात आणून ठेवलं आहे, एवढंच.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुम्हाला पाठवायला जागा नाही आणि आईला दाखवायचं नाही. म्हणून एक सांगून टाकते. दुकान उघडायच्या दिवशी किल्ली माझ्या हातात होती, आत कुणी नव्हतं, तरी शटर वर करायच्या आधी मी ते दोनदा वाजवलं आणि थोडा वेळ थांबले. का, ते मला सांगायचं नाही.

बोर्ड त्याच्या आदल्या दिवशीच लावून घेतला होता. माझं नाव, मोठ्या अक्षरात. वर काही नाही.