डब्यातली खरी वाक्यं

१२ जानेवारी, सोमवार

पुस्तक छापून आलं आहे. ग्रंथपालांनी स्वतः सांगितलं — ऐंशी प्रती, सातवीच्या दोन्ही तुकड्यांसाठी, बुधवारी वाटायच्या. इंग्रजी व्याकरणाचं सराव-पुस्तक. वर नाव शेजारच्या तुकडीच्या इंग्रजीच्या बाईंचं. म्हणजे माझ्या मैत्रिणीचं. अकरा वर्षं आम्ही शिक्षकांच्या खोलीत एकाच टेबलाला बसतो!

"पहिली प्रत तुमच्यासाठी बाजूला काढली," ग्रंथपाल म्हणाले. चेहरा असा, की जणू माझ्याच घरी बारसं आहे.

उभ्या उभ्या चाळलं. 'पुढील वाक्यं दुरुस्त करा.' पान सात, पान नऊ, पान बारा... एकेक वाक्य ओळखीचं. एका पोराने पाच महिन्यांच्या बहिणीला 'आमची नवी भाडेकरू' म्हटलं होतं, तेसुद्धा आहे. सगळी माझ्या मुलांची वाक्यं. माझ्या वहीतली.

पुढे लिहिण्याआधी नीट मांडते. चौदा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, घोळ घातलेला मजकूर मला सहन होत नाही.

दर शुक्रवारी माझ्या तुकडीतलं प्रत्येक मूल चिठ्ठीवर इंग्रजीत एक वाक्य लिहितं. अट एकच — वाक्य खरं हवं. नाव घालायचं नाही. चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात. सोमवारी मी काही वाक्यं फळ्यावर घेते आणि वर्ग दुरुस्त करतो: कॅपिटल कुठे, फुलस्टॉप कुठे, क्रियापद का लंगडतंय. पुस्तकातल्या राम-श्यामने आंबा खाल्ला काय, न खाल्ला काय, पोरांना सोयरसुतक नसतं. स्वतःचं खरं वाक्य असलं की भांडतात. "बाई, 'आय' कायम मोठा, मग 'यू' का लहान? हा अन्याय आहे!" असले वाद होतात, आणि नियम डोक्यात बसतो तो बसतोच. तास संपताना ज्याने त्याने आपली चिठ्ठी शोधून फाडायची. इथलं वाक्य इथेच राहणार, हे वर्षाच्या पहिल्या दिवशी मी सांगते.

ती सगळी वाक्यं मी वहीत उतरवून ठेवते. नऊ वर्षांची जाडजूड वही. नोव्हेंबरमध्ये मैत्रिणीने ती वाचायला मागितली. मी दिली.

१३ जानेवारी, मंगळवार

विचारलं. मधल्या सुट्टीत, सगळे असताना नाही — जिन्यात गाठून.

"अगं, तूच तर दिलीस वही!"

"वाचायला दिली होती."

"मग वाचली की!" आणि हसली. मी हसले नाही, तेव्हा म्हणाली, "हे बघ, तुझं भिजत घोंगडं नऊ वर्षं तसंच पडलं होतं. तू छापणार होतीस का? खरं सांग."

"नव्हते."

"झालं तर! मुलांच्या कामाला आलं. प्रस्तावनेत तुझे आभार मानलेत."

घरी येऊन प्रस्तावना पाहिली. 'सर्व सहकाऱ्यांचे आभार.' सर्व सहकारी! त्यात घंटा वाजवणारे शिपाईकाकाही आले.

यांना सांगितलं. हे चष्मा पुसत म्हणाले, "तू डेस्कवर असताना कुणाची बातमी दुसऱ्याच्या नावाने छापली असतीस का?" नसती छापली. एकदाही नाही.

१४ जानेवारी, बुधवार

टेबल बदललं. खिडकीपाशी, गणिताच्या सरांसमोर बसले. तिने लांबून जेवणाचा डबा उचलून दाखवला — ये ना! गेले नाही. पुस्तकं वाटली गेली.

१५ जानेवारी, गुरुवार

पान एकतीस, वाक्य सहावं. सोमवारी चाळताना मी तिथवर पोहोचलेच नव्हते. वर्ग माझ्याआधी पोहोचला.

'माझे बाबा जहाजावर आहेत असं मी सगळ्यांना सांगते, पण ते इथून दोनच बसथांबे पलीकडे, दुसऱ्या घरी राहतात.' मुळात इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, फुलस्टॉप नाही.

नाव नाही. पण आमच्या तुकडीत जहाजावरचे बाबा एकाच मुलीचे. म्हणून तर तिला सगळे 'कप्तान' म्हणतात. म्हणायचे — मानाने! कुठलं बंदर, किती मोठ्या लाटा, ती रंगवून रंगवून सांगायची आणि पोरं तोंडाचा आ करून ऐकायची.

आज ती दारात आली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "भोंऽऽ! जहाज लागलं!" पाठोपाठ दुसरा, "दोन बसथांबे, तिकीट काढा!" सगळा वर्ग हसला. मी हातातलं डस्टर टेबलावर आपटलं, ओरडले. मी ओरडत नाही सहसा. ती तोवर वळून निघूनही गेली होती. दप्तर पाठीवरून उतरवलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये ही चिठ्ठी डब्यातून निघाली, तेव्हा वाचताच बाजूला ठेवली होती. फळ्यावर घेतली नाही. हे फळ्याचं वाक्य नव्हतं, एवढी अक्कल मला होती. तास संपल्यावर तिच्या हातात दिली. तिने बारीक बारीक तुकडे करून टोपलीत टाकले आणि जाताना माझ्याकडे बघून हसली.

मैत्रिणीला पान उघडून दाखवलं. पांढरी पडली. "मला काय ठाऊक कुणाचं ते! माझ्या तुकडीतली मुलगी नाही. मला वाटलं, नमुना म्हणून छान आहे. एका वाक्यात सहा चुका..."

नमुना!

१६ जानेवारी, शुक्रवार

कप्तान आली नाही. बाकीचे सदतीस हजर.

नेहमीसारखा डबा फिरवला. कुणी कुरकुरलं नाही. शिक्षकांच्या खोलीत नेऊन चिठ्ठ्या उघडल्या.

'आज शुक्रवार आहे.'
'आज शुक्रवार आहे.'
'आज शुक्रवार आहे.'

सदतीसच्या सदतीस चिठ्ठ्या तशाच. ठरवून केलेलं. वाक्याची सुरुवात कॅपिटलने, वाराचं नाव कॅपिटलने, शेवटी फुलस्टॉप. ज्या पोराच्या हातून जूनपासून एक फुलस्टॉप पडला नव्हता, त्यानेही टपोरा, गोल गरगरीत दिला आहे. एकही चूक नाही. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चिठ्ठ्या एकेक करून परत डब्यात भरल्या. गणिताच्या सरांनी विचारलं, "काय बाई, पेपर कठीण गेला वाटतं मुलांना?"

"नाही हो," म्हटलं, "सगळ्यांना पैकीच्या पैकी."

१७ जानेवारी, शनिवार

मुख्याध्यापिकेकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. कप्तानच्या आईचा फोन येऊन गेला होता — मुलगी जेवत नाही, शाळेचं नाव काढू देत नाही. पुस्तकं परत गोळा करायला सांगते म्हणाल्या. आणि मला, "तुमची तक्रार लेखी द्या. सोमवारी अकरापर्यंत. मग मला संस्थेपुढे ठेवता येईल."

मुदत दिली की माझा हात आपोआप चालतो. दुपारी बसून लिहून काढली. काय घडलं, कधी, कुणी, वही कशी गेली. विशेषण एकही नाही. चार परिच्छेद. यांनी वाचून मान डोलावली. "फासावर चढवायला पुरेसं आहे," म्हणाले.

रागाने लिहिलं नाही. खरंच नाही. पण शेवटची ओळ लिहिताना बरं वाटलं, हे इथे तरी कबूल करावं.

१८ जानेवारी, रविवार

मैत्रिणीचा फोन. रडून घसा बसलेला. "ते पान काढून टाकते. नव्या आवृत्तीवर तुझं नाव — आधी तुझं, मग माझं. नाहीतर माझं राहूच दे. पण लेखी देऊ नकोस गं. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी."

मी म्हटलं, "तू माझा विश्वासघात केलास."

"केला," ती म्हणाली. एवढंच. मी तयारी केली होती ती वाद घालेल याची.

तक्रार पाकिटात घालून चिकटवली.

१९ जानेवारी, सोमवार

शाळेआधी कप्तानच्या घरी गेले. तिसरा मजला, दारात एकच मोठी चप्पल, एक लहान. तिची आई कामावर निघायच्या घाईत होती, तरी आत बसवलं, पाणी दिलं. "ती जहाजाचं सांगत असते हे मलाच माहीत नव्हतं हो," हळूच म्हणाली. "पुस्तकातून कळलं."

कप्तान आतून आली. केस विंचरलेले नव्हते. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते बोलले — की तुझ्यासारखीच मीही फसले. माझी वही माझ्या विश्वासातल्या माणसाने घेतली. मी त्यांची तक्रार करते आहे, हे बघ पाकीट. आता कुणाची हिंमत होणार नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बाई, पण चिठ्ठी तर मी फाडली होती."

"हो."

"मग त्या बाईंना कुठून मिळाली?"

"माझ्या वहीतून."

"वहीत कशाला लिहिलीत?"

कशाला? डेस्कवर आलेला कुठलाही मजकूर टाकायचा नाही, एक प्रत ठेवायची — ही सवय. चांगली वाक्यं वाया जाऊ नयेत म्हणून. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. नऊ वर्षं दर सोमवारी पोरं चिठ्ठ्या फाडत होती आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण त्याआधीच माझं उतरवून झालेलं असायचं! हे तिला सांगितलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

"आम्ही फाडत होतो तेव्हा तुम्ही बघत होतात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. वर्गात दुसऱ्याची चूक दाखवते तसाच सरळ.

आई म्हणाली, "अगं, बाईंशी असं बोलतात का?" मी म्हटलं, बोलू द्या.

अकरा वाजले तेव्हा मी मुख्याध्यापिकेच्या दाराबाहेर होते. पाकीट दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मुदत चुकवली. मग आत जाऊन वही कशी तयार झाली ते सांगितलं, डबा आणि फाडलेल्या चिठ्ठ्यांसकट. "हे मला माहीत नव्हतं," म्हणाल्या.

२० जानेवारी, मंगळवार

कप्तान उद्यापासून शाळेत येते आहे. मुख्याध्यापिकांनी सांगितलं, अर्जही दाखवला — तुकडी बदलून द्यावी. शेजारच्या तुकडीत, माझ्या मैत्रिणीच्या वर्गात. आईने तिला विचारलं होतं, अगं, त्याच बाईंकडे? तर म्हणाली, "त्या बाईंनी मला कुठे काही शब्द दिला होता?"

मैत्रीण हो म्हणाली आहे. फक्त वर्गशिक्षिका म्हणून माझी सही बाकी आहे. ती सकाळी सातच्या आत करायची. पहिल्या तासाला कप्तान तिकडे बसेल.