आईचं गाणं आणि दोन मशिनं

आबा,

गेल्या महिन्यात बारामतीत जाऊन मी एक मशीन घेतलं. तुम्ही अँप्लिफायरला मशीनच म्हणायचात, म्हणून मीही तेच म्हणते. तुमचं उचलायला दोन माणसं लागायची आणि इंदापूरच्या बाजूला कुणाचं लग्न असलं की स्पीकरांसोबत ते टेम्पोत चढायचं. माझं काडेपेटीपेक्षा जरासं मोठं आहे. मोबाईल आणि हेडफोनच्या मधे लावायचं, पर्समध्ये टाकून कुठंही न्यायचं. मला ते एकाच गाण्यासाठी हवं होतं. निमगाव केतकीच्या आपल्या स्वयंपाकघरात आई शेंगदाणे निवडत बसली आहे, तुम्ही नवा माइक आणला आहे आणि तो आवाज कसा पकडतो ते बघायला तिलाच गायला लावलं आहे. तेव्हा भरलेली ती कॅसेट मी मोबाईलमध्ये उतरवून घेतली. पण चांगल्या, मोठ्या हेडफोनला नुसत्या मोबाईलचा जोर पुरत नाही. आई पलीकडच्या खोलीत बसून गातेय असं वाटायचं.

तुमच्याकडे हेडफोन एकच होता आणि तो कायम धाकटीच्या डोक्यावर. कुठंही गेलो तरी तिची खुर्ची मशीनशेजारी. "हिला कान हाय," तुम्ही येईल त्याला सांगायचात. मी वायरी गुंडाळायचे, पंज्यापासून कोपरापर्यंत वेढे घालत, पीळ पडू न देता. मलाही तुम्ही चांगलं म्हणायचात, नाही असं नाही. "थोरली कामाची हाय." तिला कान आणि मला काम, अशी वाटणी तुम्ही केलीत आणि ती कुणालाच खटकली नाही. पिंपळीच्या एका लग्नात तुम्ही जेवायला उठलात तेव्हा मी हेडफोन घातला. सनई डाव्या कानातून उजव्या कानात जातेय की काय, असं वाटून मी डोळे मिटले होते. तेवढ्यात तुम्ही आलात. "ठिव ते. तुला काय कळतंय त्यातलं? वायर बघ, लोकांच्या पायात येतीया." मी उठले आणि वायर बाजूला केली.

धाकटी आता बारामतीत असते. कान असलेल्या त्या पोरीनं पुढं गाण्याचं काहीच केलं नाही. तिची रोपवाटिका आहे, टोमॅटोची, मिरचीची रोपं विकते. दुकान तिच्या ओळखीचं म्हणून ती बरोबर आली. दुकानदारानं दोन मशिनं काढून ठेवली. पहिल्यात आई एकदम जवळ आली. आवाज भरलेला, उबदार, तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकावं तसा. दुसऱ्यात गोडवा कमी, पण सगळं लख्ख. बांगड्या वाजत होत्या, सुपातले दाणे सरकत होते. आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी दाराची कडी वाजली.

ती मी होते, आबा. तुम्ही मला विहिरीवरची मोटार बंद करायला पाठवलं होतंत. कडी वाजते, माझी पावलं लांब जातात आणि मग तुमचा आवाज येतो, अगदी हळू. "आता ऐक बाळा. आई श्वास कुठं घेती बघ."

इतक्या वर्षांनी तुमचा आवाज ऐकला आणि तो माझ्यासाठी नव्हता. तो मी बाहेर गेल्यावरचा होता. मला तुम्ही कधी बाळा म्हणालात का, हे मी त्या दुकानात उभ्याउभ्या आठवत राहिले. आठवलं नाही.

मी हेडफोन धाकटीकडे दिला. थोड्या वेळानं तिनं माझा दंड घट्ट धरला.

"ताई, आबा! आबा बोलत्यात गं! तू ऐकलंस का?"

"न्हाय."

"आईच्या मागं हायत बघ. घाल परत."

तिचे डोळे वाहत होते. मला त्या रडण्याचाही हेवा वाटला. तिला नुसतं रडता येत होतं.

"हेच घे," ती म्हणाली.

"बॅटरी टिकत न्हाय त्याची," मी म्हणाले आणि पहिलं बांधायला सांगितलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दुकानदाराला म्हणाली, "ते दुसरं मला द्या." म्हणजे तुम्ही पुन्हा तिच्याच कानाशी जाऊन बसलात.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि धाकटीला वाचायला द्यायची माझी तयारी नाही. कपाटातल्या साड्यांखाली राहील. रोज दुपारी, भांडी आवरली की मी आईला ऐकते. माझ्या मशीनमध्ये कडी ऐकू येत नाही, तुम्हीही येत नाही. त्याच्यासाठीच तर मी ते घेतलं. तरी दुसऱ्या कडव्याच्या आधी, रोज, मी आवाज पुरा वाढवते.