लच्छूनं ब्रेक काऊन मारला?

१९ मार्च १९५४, चांदा
लच्छू गेला. माझा धाकटा भाऊ!

२२ मार्च
आलापल्लीहून सागवानाचे ओंडके घेऊन बल्लारपूरला चालला होता. उतारावर जोरात ब्रेक मारला, चाकं घासल्याच्या खुणा रस्त्यावर आहेत. ट्रक थांबला – ओंडके थांबले नाहीत. साखळी तुटली, केबिन फोडून पुढं आले. सोबत कोणी नव्हतं. ठेकेदार दारात उभा राहून म्हणतो, "रस्ता तर मोकळा होता, बाई. ब्रेक काऊन मारला त्यानं?" जणू लच्छूनंच सारं बिघडवलं!

२७ मार्च
रुखमा जेवत नाही. लच्छूची बायको – लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत. आज हळूच म्हणाली, "बाई, लोक म्हणतात, प्यायले होते." तो कधी थेंबाला शिवला नाही, तिलाही ठाऊक आहे. तरी विचारते! मी रागावले. मग दोघीही रडलो.

१ एप्रिल
शाळेत गेले. मॅट्रिकच्या मुलींना नेमका वेग-त्वरणाचा धडा. फळ्यावर गाडी काढली. वेगाचा बाण पुढं. ब्रेक मारला की त्वरणाचा बाण मागं.
कमळा उठली. "बाई, त्वरण मागं, तर गाडी पुढं काऊन जाते?"
म्हटलं, बाण मागं म्हणून गाडी मागं येत नाही. पुढं जातच असते, फक्त तिचा वेग कमी कमी होतो.
"अन् गाडीतलं सामान?"
पोरीला काय माहीत! त्याला कोणी मागं धरलं नाही, तर ते त्याच वेगानं पुढं – एवढंच बोलले. कमळानं येऊन हातातला खडू काढून घेतला.

४ एप्रिल
साखळी तुटावी एवढा जोरात ब्रेक नशेत पेंगणारा माणूस मारत नाही. रुखमाला सांगितलं.
"मंग काऊन मारला?"


११ एप्रिल
दुपारी एक गोंड बाई घर विचारत आली. बुधरी. पाठीला लेकरू. दारातच बसली, रडतच बोलली – "मोहफुलं घेऊन येत होती. रस्त्यात ठेच लागून पडली. गाडी माह्या पायापाशी थांबली. भेव लागला, जंगलात पळाली मी."
रुखमा तिच्याकडे बघतच राहिली. मग दोन्ही हात पुढं केले – "आण, त्याले माह्याजवळ दे. किती ऊन लागलं लेकराले!"