उलटा चालणारा घोडा

18 नोव्हेंबर, मंगळवार
दुरुस्ती. काल लिहिलं की मामाने डहाणूच्या लग्नातले माझे फोटो टाकून दिले. टाकून दिले नाहीत, अल्बममध्ये घेतले नाहीत. उगाच कोणावर आळ नको.
फोटो खराबच होते. शटर अर्धा सेकंद उघडं, त्यात एकदा फ्लॅश. घोडा स्वच्छ येतो, पण त्याच्यावरच्या दिव्यांच्या रेघा मागे राहायच्या सोडून पुढे धावतात. नवरदेवाची मावशी म्हणाली, घोडा रिव्हर्समध्ये टाकलाय का गं? मामा म्हणाला, तुझा हात घाबरतो. असेल. सहावीपासून त्यानेच शिकवलंय. चहाने हात हलतो म्हणतात, उद्यापासून चहा बंद.

20 नोव्हेंबर, गुरुवार
डोकं दुखतंय. मामाचा मुलगा हार्दिक दिवाळीपासून फोटोच्या दुकानात येतो, तरी त्याच्या रेघा बरोबर मागे. कॅमेरा तोच. मुलग्यांचा हात मुळातच स्थिर असणार.

23 नोव्हेंबर, रविवार, कासा
जमलं! हार्दिक जेवायला बसला म्हणून त्याच्याकडून कॅमेरा घेतला. रेघा मागे, घोडा पुढे! चहा सोडल्याचा गुण. मामाला लगेच दाखवलं. तो हार्दिककडे बघत राहिला. भरून आलं असावं.

24 नोव्हेंबर, सोमवार
हार्दिकला चहाचं सांगितलं. हसत सुटला. म्हणाला, ताई, हात कसला, सेटिंग आहे! फ्लॅश शटर उघडताना नाही, बंद होताना उडवायचा. पप्पांनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं. तुला सांगू नको म्हणाले, कळलं तर ती वेगळं दुकान टाकेल.
मामा मला सांगायला विसरला असेल.
वरचं वाक्य खरं नाही.

29 नोव्हेंबर, शनिवार, तलासरी
कॅमेरा देण्याआधी मामाने सेटिंग जुन्यावर फिरवलं. माझ्यासमोर. वर म्हणाला, हात सांभाळ हं, बाळा. मी हो म्हणाले.
बदलता आलं असतं. बोट बटणावर होतं. पण कॅमेरा त्याचा, न विचारता कसं बदलायचं? अख्खी वरात उलटी काढली. फोटो बघून म्हणाला, सुधारणा आहे.
आता विचारायचंच, मला का नाही सांगितलंस? उद्या नको, मामी घरी असते, तिच्यासमोर त्याला ओशाळं वाटेल. सोमवारी अल्बमची गडबड.
मंगळवारी विचारेन, 2 डिसेंबरला.