उभ्या झाडाचं कमिशन

५ मार्च
आजपासून धंदा वर काढायचा. झाडं छाटायची-तोडायची आमची कंपनी. ही गेल्यापासून फोनच वाजत नाही. हिचं काम तरी काय होतं? फोन उचलायचा, बोलायचं. त्याला काय अक्कल लागते? परवा मीही उचलला. एका बाईंना नीट समजावलं की फांदी डोक्यात पडली तर माणूस जागीच जातो. त्यांनी फोन ठेवला. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही फोन घेत जाऊ नका. म्हणून ठरवलं, सेल्समन ठेवायचा.

९ मार्च
ठेवला. आधी विमा विकायचा. जीभ अशी की उंदराला मांजर विकेल. पगार नाही, कमिशन. मी सातवी नापास, पण व्यवहारात माझा कोणी हात धरणार नाही. करारातलं कलम मीच घातलं: जेवढं लाकूड खाली, तेवढं कमिशन. त्यानं विचारलं, काका, आणि झाड उभं राहिलं तर? म्हटलं, उभ्याचे कसले पैसे? हसला. लिहून घेतलं.

दुपारी
डोळा लागेना. अंगणातल्या तुतीची फांदी खिडकीवर वाजते. टक-टक. दोनदाच. तुती हिनं लावलेली. ही ‘अहो’ म्हणायची ते असंच, दोन ठोके. वारा आहे, दुसरं काही नाही. उद्यापासून हॉलमध्ये आडवा होणार. कमरेसाठी.

२ एप्रिल
कामाला तोटा नाही. विमावाला आधी विचारतो, घरात लहान मुलं आहेत का? मग वर झाडाकडे बघतो आणि गप्प बसतो. गिऱ्हाईक आपणहून म्हणतं, तोडा! नाहीतर ही. तोडायला निघालेल्यांनाही अडवायची: तोडता कशाला, हलकं करून देऊ. असा असतो धंदा? सूनबाई म्हणाली, आई म्हणायच्या, तोडलेलं झाड पुन्हा फोन करत नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं.
हॉलमध्येही ऐकू येतं.

२० मे
फोन बंद. मशीन बिघडलं असणार, म्हणून शेजाऱ्याकडून लावून पाहिला. चांगला वाजतो.
जुन्या गिऱ्हाइकांकडे चक्कर मारली. हिनं वर्षानुवर्षं हलकी करवून घेतलेली झाडं, आता नुसते बुंधे. लोक त्यांवर कुंड्या ठेवतात. एका आजींनी विचारलं, तुमच्या बाई कशा आहेत? म्हटलं, बऱ्या आहेत. तोंडातून गेलं. परत येताना मागून कोणीतरी चालत होतं. वळून पाहिलं नाही. मान आखडली आहे.

२४ मे
विमावाला आला होता. झोप लागते का म्हणून विचारलं. किती आपुलकी! पोटच्या पोरानं कधी विचारलं नाही. सगळं सांगितलं, टक-टकसुद्धा. तो म्हणाला, काका, दुपारी घरात एकटेच असता? मग खिडकीतून वर बघितलं आणि गप्प बसला.
ही ट्रिक मला पाठ आहे. मी फसणारा नव्हे.

२५ मे
सकाळी सही केली. दुपारपर्यंत अंगण मोकळं. सूनबाई कामावरून आली, बुंध्यापाशी उभी राहिली, घरात गेली. विमावाल्यानं कमिशन मागितलं. म्हटलं, अरे, माझंच झाड! तो म्हणाला, काका, कलमही तुमचंच. दिलं. उद्यापासून येणार नाही म्हणाला. इथं आता विकण्यासारखं काही उरलं नाही म्हणे. दुसरा ठेवीन. छप्पन्न मिळतात.

२६ मे
पुन्हा आपल्या खोलीत आलो. कमर बरी आहे. खोलीत ऊन फार येतं, पण आवाज म्हणून नाही. आज झोप लागणार, नक्की.

दुपारी
लागली नाही. उठून काचेवर बोटानं दोनदा वाजवून पाहिलं. तसं येत नाही. माझा हात जड आहे.